एकाच धाग्याचं जेवण

सूतगिरणीचा भोंगा झाला की बायका फाटकाबाहेर पडायच्या, पण गिरणीची घरघर काही फाटकापाशी थांबायची नाही. बॉबिनच्या कानात ती थेट घरापर्यंत यायची, जिना चढायची आणि चहा होईपर्यंत तिच्याबरोबर स्वयंपाकघरात उभी राहायची. तेवढा वेळ सगळं जग तिला पाण्याखाली असल्यासारखं वाटे. नळ, खिडकी, टेबलावरच्या टोपलीतला लसूण, सगळं जागच्या जागी, पण किंचित हलणारं. शेजारीण काही बोलली तर हिला फक्त तिचे ओठ दिसत.

बॉबिन हे काही खरं नाव नव्हे. लहानपणी ती गिरणीतल्या सूत गुंडाळायच्या बॉबिनसारखी स्वतःभोवती गिरक्या घेत घरभर फिरायची, म्हणून बापाने ठेवलेलं ते नाव. आणि एकदा चिकटलेलं नाव म्हणजे दगडावरची रेघ. आता तिच्या डोक्यात पांढरे केस शोधावे लागत नाहीत, तरी गिरणीतल्या नव्या पोरीसुद्धा तिला बॉबिनताईच म्हणतात.

त्या संध्याकाळी ती दार उघडून आत आली आणि तिला पहिली दिसली ती बॅग. दाराशी भिंतीला टेकून उभी केलेली, चेन तुटकी म्हणून सुती दोरीने आडवीउभी बांधलेली. पलीकडे खुर्चीत बाबा बसले होते. अंगात कोट, पायांत बूट. घरात बूट घालून बसलेला माणूस म्हणजे अर्धा गेलेलाच की हो!

"थोरला निघालाय," बाबा म्हणाले. "अंधार पडायच्या सुमारास पोचेल."

थोरला म्हणजे तिचा मोठा भाऊ. लांबच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस मनाचा चांगला, फक्त आवाज असा की आठव्या मजल्यावरून तळमजल्याशी बोलतोय. आज तो गाडी घेऊन येणार होता आणि बाबांना कायमचं घेऊन जाणार होता. आणि खरं सांगायचं तर ही कल्पना थोरल्याची नव्हती. बाबांनी स्वतःच फोन करून त्याला बोलावलं होतं.

झालं होतं असं. बाबा सगळं आयुष्य त्याच गिरणीत तुटलेले धागे जोडत राहिले. निवृत्त झाले, पुढे बायको गेली, मग हात थरथरायला लागले, तरी माणूस कसा टुणटुणीत. कारण एकच, नूडल्स. संध्याकाळी वाडगाभर नूडल्स समोर आल्या की ते राजे. मग वसंतात पान गळावं तसं अवेळीच रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी पाव बंद केला, पास्ता बंद केला आणि नूडल्सचं तर नावच काढायचं नाही म्हणाल्या. बाबा वाद घालत बसले नाहीत. घरी आले आणि म्हणाले, "लोक म्हणतात, म्हातारा नुसता बसून खातो. माझं तर खाणंही गेलं. उरलं काय? नुसतं बसणं." त्यानंतर ताटातलं निम्मं ताटातच राहायला लागलं. लेक दिवसभर गिरणीत राबणार आणि आपण तिच्या गळ्यातलं लोढणं, हे त्यांनी मनाशी धरलं ते धरलंच.

आता तुम्ही म्हणाल, मग या बयेने तोंड उघडून सांगायचं की नाही, "बाबा, जाऊ नका" म्हणून! दोन शब्द. पण इथेच तर घोडं पेंड खात होतं. या घरात कुणी कुणाला असलं काही सांगितलेलंच नव्हतं. गिरणीत यंत्रांचा आवाज एवढा, की बोलून उपयोग नसतो. तिथे सगळं हातांनी बोलतात. पाणी हवं, जेवायला चल, मुकादम येतोय, सगळ्याला खुणा. आई गिरणीत, बाप गिरणीत, पुढे लेकही गिरणीत. घरी आल्यावर आवाज नसायचा, पण बोलायची सवय कुणाला होती? बाबांनी "थोरल्याकडे जातो" म्हटलं तेव्हाही बॉबिनने मान हलवली, म्हणाली, "बरं." आणि मग आठवडाभर उशीत तोंड खुपसून रडली. खाण तशी माती, दुसरं काय.

तिने चपला काढल्या, ओट्याकडे गेली. तिच्या पिशवीत हिरव्यागार, गुळगुळीत, काकडीसारख्या दिसणाऱ्या झुकिनी होत्या आणि शेजारच्या यंत्रावरच्या बाईने वापरायला दिलेलं एक खेळणं. खेळणंच म्हणायचं. एका बाजूला मूठ, एका बाजूला पातं, मध्ये भाजी अडकवायची आणि मूठ फिरवायची. पलीकडून भाजीची लांबच लांब तार निघते. "नूडल्सच समज," ती बाई खुणेने म्हणाली होती, "डॉक्टर काही बोलायचे नाहीत." बॉबिनने मनाशी ठरवलं होतं की बोलता येत नाही तर नाही, निदान शेवटचं जेवण तरी त्यांच्या आवडीचं घालू. आणि मनाच्या तळाशी, अगदी तळाशी, एक वेडी आशा होती. जेवण आवडलं तर? तर कदाचित...

"काय करतेयस?" बाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

"नूडल्स."

मान झटकन वर झाली आणि तशीच खाली गेली. "मला बंद आहेत."

"या चालतात. झुकिनीच्या आहेत."

"भाजीला भाजी म्हणायची लाज वाटते का हल्ली लोकांना?"

बॉबिनने लसूण ठेचला, टोमॅटो चिरले, कढईत तेल घातलं. लसणाचा वास सुटला आणि कानातली घरघर जरा मागे सरकली. खिडकीच्या काचेला कधी काळी कुणीतरी हिरवा कागद लावला होता. संध्याकाळचं ऊन त्यातून यायचं आणि ओट्यावर, भिंतीवर, तिच्या मनगटांवर हिरवं होऊन पडायचं. टोमॅटो कढईत हळूहळू विरघळत होते. ती मूठ फिरवू लागली. पात्यातून हिरवट पांढरी तार बाहेर आली, वळत, लोंबत, आणि लगेच तुटली. पुन्हा फिरवलं, पुन्हा तुटली. यंत्र ओट्यावरून सरकत होतं. एका हाताने ते दाबायचं, दुसऱ्याने मूठ फिरवायची, तार धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

"आवाजावरून कळतंय," बाबा म्हणाले. "ओढ नाहीये धाग्याला. नुसता ढीग पडतोय."

"मग टोक धरा ना येऊन. नुसतं टोक."

बाबा उठले. बूट वाजवत आले, कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि ओट्यापाशी तिच्या शेजारी उभे राहिले. बॉबिनने मूठ फिरवली. तार आली, बाबांनी ती दोन बोटांत धरली आणि अलगद ओढत गेले, फार नाही, तुटणार नाही इतकंच. तार लांबत चालली. त्यांनी ती खुर्चीच्या पाठीवरून घेतली, टेबलाच्या कडेने फिरवली, पुन्हा खुर्चीकडे आणली. बॉबिन फिरवत राहिली. एक झुकिनी संपत आली तेव्हा कट्कन आवाज झाला.

तार तुटली होती. आणि बाबांचा डावा हात डोक्याच्या वर गेला होता, करंगळी आकड्यासारखी वाकवलेली.

बॉबिनची मूठ जागीच थांबली. तिने ठरवून थांबवली नव्हती. गिरणीतला पहिल्या दिवशी शिकवलेला नियमच तो: धागा तुटला की जोडणारा हात वर करतो, करंगळी वाकवतो. तो हात खाली येईपर्यंत यंत्राला कुणी बोट लावायचं नाही. मुकादम असो, नाहीतर खुद्द मालक येवो. आत कुणाची तरी बोटं असतात, थट्टा नाही ती.

बाबा तुटलेली टोकं जुळवून बघत होते. "कडक आहे. गाठ घेत नाही."

"ओल द्या," बॉबिन म्हणाली. जणू काही समोर झुकिनी नव्हतीच, कोरडा पडलेला सुती धागाच होता.

"ओल कसली?"

"मीठ चोळा. मऊ पडेल."

त्यांनी टोकांना मीठ चोळलं आणि थांबले. टोकं घामेजली, लुळी पडली. मग त्यांनी एका हाताच्या बोटांत काहीतरी केलं, इतकं पटकन की पाहणाऱ्याला नुसतं चुटकी वाजवल्यासारखं वाटावं. गाठ बसली. हात खाली आला. बॉबिनने मूठ फिरवली.

कपातला चहा बशीत सांडणारे ते हात, पण आता थरथर कुठे होती? चष्मा तर दोरीने बांधलेल्या बॅगेत. म्हातारा नुसत्या स्पर्शाने गाठी मारत होता.

मग काय झालं ते दोघांनाही नंतर नीट सांगता आलं नाही. तार तुटायची, हात वर जायचा, बॉबिन थांबायची, गाठ, हात खाली, पुन्हा मूठ. कधी तार तिच्या बाजूला तुटायची, मग तिचा हात वर आणि बाबा थांबलेले. झुकिनी संपली की नवी लावायची आणि तिचं टोक जुन्या टोकाला जोडायचं, गिरणीत संपलेल्या रिळाला नवं रीळ जोडतात तसं. कढईत रस मंद रटरटत होता. बाबा घशातल्या घशात घुमत होते, गाणं नव्हे, यंत्राचाच सूर, तोच तो एकसुरी. कोणती घरघर कानातली आणि कोणती बाबांची ते बॉबिनला कळेनासं झालं. हिरवा उजेड खोलीभर भरून राहिला. तार खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून परातीत, वेटोळ्यावर वेटोळं, आणि बॉबिनला वाटलं की ही खोली आता सुटून कुठेतरी वाहत चालली आहे, आपण दोघं तिच्यात बसलोय, आणि दाराशी बॅग नाहीच.

"तुझी आई," बाबा मध्येच म्हणाले, "गाठ मारून झाली तरी हात खाली घ्यायची नाही."

बॉबिनने मूठ थांबवली. आईबद्दल ते सहसा बोलत नसत.

"मी नवीन होतो. तिच्या यंत्राचा खटका माझ्याकडे. तिचा हात वर, म्हणजे मी तिथेच उभा. धागा केव्हाच जोडलेला असायचा, मला दिसायचं ना! तरी ती हात वर धरून उभी. आणि मी खटका धरून उभा. मुकादमाने दोघांनाही झाडलं."

"तुम्ही तिला कधी म्हणाला नाहीत, हात खाली घे म्हणून?"

"मी कशाला म्हणतोय," बाबा म्हणाले आणि हसले. हिरव्या उजेडात त्यांचा चेहरा अगदी तरुण दिसला. बॉबिनच्या घशाशी शब्द आले. आता बोल, तिने स्वतःला म्हटलं, आता नाही तर कधी. तेवढ्यात दाराची घंटी वाजली, कर्कश, आणि दोघंही झोपेतून उठल्यासारखे दचकले.

"बाबा! बॉबिन! उघडा, पोटात कावळे ओरडतायत!" थोरल्याचा आवाज जिन्यावरूनच आत आला.

बॉबिनने परातीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, हे काय करून ठेवलं आपण!"

परातीत नूडल्स नव्हत्या. नूडल होती. एकच. पिशवीतल्या सगळ्या झुकिनींची मिळून एकच एक, न संपणारी. नुसतं खायचंच तर होतं, तुकडे राहिले असते तरी चाललं असतं, तुटलं तर तुटलं, बिघडलं कुठे? पण तुटलेलं तसंच सोडायची अक्कल या दोघांच्या बोटांना नव्हती.

"कापून टाकू?" तिने सुरी उचलली.

"खबरदार!" बाबा म्हणाले. "एवढं जोडलंय ते काय कापायला?"

बाबांनी दार उघडलं, थोरला आधी हातपाय धुवायला गेला, आणि तेवढ्यात घाईघाईने तिने सगळं गुंडाळं मीठ लावून फडक्यात दाबलं, पाणी काढलं आणि रसात सोडलं. बाबांनी सवयीने विचारलं, "उकळणार नाहीस?" ती म्हणाली, "उकळलं की सूप होईल, नुसतं परतायचं." उलथनं फिरवलं की कढईतलं सगळंच्या सगळं एकदम फिरत होतं. वर मूठभर अक्रोड आणि किसलेलं चीज. मीठ चोळण्यापासून खाली उतरवेपर्यंत थोरल्याचे हातपाय धुऊन व्हायचे होते, इतकं झटपट.

थोरल्याने आधी बॅग पाहिली, मग बाबांचे बूट, मग बहिणीचे डोळे. टेबलाशी बसला, काटा कढईत घातला आणि उचलला. अख्खी कढई वर आली.

"अरे! हे काय आहे?"

"नूडल," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"एक?"

"मोजायची असेल तर मोज."

थोरला गडगडाटी हसला. शेवटी कढईच मध्ये ठेवली आणि तिघांनी तीन ठिकाणांहून खायला सुरुवात केली. एकाने ओढलं की दुसऱ्याच्या काट्यावरचं पळायचं. "बॉबिन, माझं नेतेयस!" "तुझं कुठलं, एकच तर आहे." थोरला प्रत्येक घासाला गाठ शोधत होता, बोटांनी चाचपत होता, पण गाठ काही सापडेना. बाबा खात होते. कुणी आग्रह न करता, मान खाली घालून, ओठांना टोमॅटो लागलेला. आणखी घेतलं, पुन्हा घेतलं. बॉबिन बघत राहिली. तिला इतकं बरं वाटलं, की तिला वाटलं आता सगळं आपोआपच मिटेल. काही बोलावं लागणारच नाही.

पण जेवण संपलं आणि बाबांनी रुमालाने तोंड पुसलं, कोटाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली.

"छान झालं होतं," ते म्हणाले. "चला. लांब जायचंय."

तर मंडळी, आपोआप काही मिटत नसतं. थोरला उठला, त्याने बॅग उचलली. बाबा दाराकडे निघाले, बुटांचा आवाज फरशीवर, एकेक. बॉबिन टेबलाशी उभी होती. तिने तोंड उघडलं. आवाज नाही. बाबांनी कडीला हात घातला.

बॉबिनचा हात डोक्याच्या वर गेला. करंगळी वाकलेली.

बाबांनी नुसतं वळून पाहिलं आणि ते थांबले. कडीवरचा हात तिथेच. सगळं आयुष्य त्या खुणेला थांबलेला माणूस, तो आता दाराची कडी तरी कशी उघडेल?

"बॉबिन, काय झालं? शाळेत आहेस का?" थोरला म्हणाला. "हात खाली घे, उशीर होतोय."

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. मग तिच्याकडे बघून त्यांनी गिरणीत विचारतात तेच विचारलं, "काय तुटलं?"

"मी," बॉबिन म्हणाली. आणि मग गाठ सुटल्यासारखे शब्द आले, डोळ्यांतल्या पाण्यासकट. "जाऊ नका बाबा. तुम्ही लोढणं नाही माझ्या गळ्यातलं. गिरणीतून येताना कानातल्या घरघरीतूनही मला जिन्यात तुमचा खोकला ऐकू येतो, तेव्हा कुठे माझा दिवस सुटतो. खोकला आला नाही तर मी या घरात करू काय? मला एकटीला हे घर नको. मी आधीच सांगायला हवं होतं. मला सांगता येत नाही हो!"

कढई टेबलावर गार होत होती. हिरवा उजेड जाऊन काच काळी झाली होती.

थोरल्याने घसा खाकरला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "पण दिवसभर एकटे असतात ते, बॉबिन. माझ्याकडे माणसं आहेत. मी काय त्यांच्या वाइटावर आहे?"

"नाहीस रे," बाबा म्हणाले. "तू बोलावल्यासरशी आलास. मीच मूर्ख." त्यांनी तिच्या वर गेलेल्या हाताकडे बोट दाखवलं. "पण तो हात बघ. तो वर आहे तोवर हलायचं नसतं. नियम आहे."

ते खुर्चीत बसले. वाकून बुटाची नाडी सोडायला लागले, हात पुन्हा थरथरत होते, नाडी सुटेना. थोरला मुकाट्याने खाली बसला आणि त्याने ती सोडली. एक बूट, मग दुसरा.

"आता ती बॅगेची दोरी सोड," बाबा त्याला म्हणाले, "आणि माझा चष्मा काढ. सगळ्या गाठी अंदाजाने मारल्यात. उद्या दुपारी बसून गाजराच्या मारून बघतो. गाजर जरा कडक असतं, त्याला मीठ जास्त वेळ लावावं लागेल."

"रविवारी येतो मग," थोरला दोरी सोडत पुटपुटला. "माझ्या वाट्याची वेगळी ठेवा. तुटलेली."

बाबांनी चष्मा लावला, काचेतून लेकीकडे नीट पाहिलं.

"घे खाली आता, बॉबिन," ते म्हणाले. "जोडलं गेलं."

बॉबिनने ऐकलं. पण हात तिने आणखी थोडा वेळ वरच ठेवला, आणि बाबा काहीएक न बोलता तिच्याकडे बघत बसून राहिले.